शेवटच्या स्टॉपवरचं औषध

ताई शहरातल्या बसवर ड्रायव्हर होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून डेपोतले ड्रायव्हर ताई म्हणायला लागले, मग रोजचे प्रवासी, आणि शेवटी तिचा नवरासुद्धा चारचौघांत "आमच्या ताई ड्यूटीवर आहेत" असं सांगून स्वतःच हसायचा. भाऊ तिच्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताईचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याला बरोबर घेऊनच तिनं संसार मांडला. काम करताना ओठ मिटून गुणगुणायची त्याला खोड होती, सूर ना ताल, नुसतं घुंऽऽ. त्यावरून ताईच्या नवऱ्यानं त्याचं नाव भुंगा ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

भुंगा लिफ्टचा मेकॅनिक झाला. कान असा की बिघडलेल्या लिफ्टचा नुसता आवाज ऐकून कुठला ब्रेक घासतोय ते सांगायचा. एकदा एका जुन्या इमारतीत काम करत असताना तो वरच्या फळीवरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. जीव वाचला, पण कंबर कामातून गेली. डॉक्टरांनी दुखणं मारायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या जोरदार होत्या, त्यांनी दुखणं मारलं आणि भुंग्याला धरून ठेवलं. पुढं कधीतरी वरून हुकूम आला की या गोळ्या इतक्या सढळ हातानं लिहायच्या नाहीत. डॉक्टरांनी एका सोमवारी हात वर केले. "आता बास. सोसायला शिका," म्हणाले. सोसायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. भुंग्यानं महिनाभर दात आवळले आणि मग बाजारामागच्या गल्लीत जे मिळत होतं ते घेतलं.

त्या दिवसांबद्दल ताई कुणाशी फारसं बोलत नसे. पुडी तापवून तापवून घरातले चमचे काळे व्हायला लागले. त्याच्या भाचीच्या, ताईच्या लेकीच्या, सायकलचं "कुलूप हरवलं" आणि मग सायकलच हरवली. नवरा शिंपी, मितभाषी माणूस, तो एवढंच म्हणाला, "पोराला मारू नकोस, तो आधीच मेल्यासारखा आहे." आणि मग एका संध्याकाळी खिशात स्वतःपुरती पुडी घेऊन येताना भुंगा पकडला गेला. स्वतःपुरती असो नाहीतर गाडीभर असो, तेव्हाच्या कायद्याला सगळं सारखंच होतं. त्याला तुरुंग झाला.

तो आत असतानाच कायदा बदलला. बरेच दिवस वर्तमानपत्रांत भांडण चाललं होतं, बसमध्येही माणसं त्यावरून हमरीतुमरीवर यायची. नवा कायदा म्हणत होता, स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला कोठडीत टाकायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. भुंग्याची उरलेली शिक्षा माफ झाली. घरी आल्यावर तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, उरलेली माफ केली म्हणे. भोगलेली परत देतात का, विचारलं मी. तर साहेब हसला." ताईला हसू आलं नाही. तिनं त्याच्यासमोर गरम पाणी ठेवलं आणि त्याच्या मनगटांकडे बघत राहिली. एवढी बारीक मनगटं तिनं त्याच्या लहानपणीसुद्धा पाहिली नव्हती.

नव्या कायद्याबरोबर शहरात औषधाची केंद्रं उघडली. त्यांतलं एक ताईच्याच रूटच्या शेवटच्या स्टॉपवर, बंद पडलेल्या तिकीट ऑफिसात आलं. खिडकीच्या जाळीला हिरवा रंग दिला, आत एक फळी, एक वजनकाटा, दोन खुर्च्या. रोज सकाळी तिथं रांग लागायची. आतली सिस्टर छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात औषध ओतून द्यायची आणि ते समोर उभं राहून प्यायचं. त्यानं अंगाची तलफ शमायची, पण नशा चढायची नाही. माणूस पिऊन सरळ कामाला जाऊ शकायचा.

भुंगा ताईच्याच पहिल्या बसनं जायला लागला. दरवाजाजवळच्या सीटवर बसायचा, शेवटच्या स्टॉपवर उतरायचा, औषध घ्यायचा आणि परतीच्या फेरीत मध्येच कामावर उतरायचा. सुरुवातीला शिवणयंत्रं दुरुस्त केली, मग कुलपं, मग एका लिफ्ट कंपनीनं त्याला पुन्हा हाताखाली घेतलं. जवळच त्यानं स्वतःची खोलीही घेतली. गालांवर मांस आलं. आणि एका सकाळी, सिग्नलला थांबलेली असताना, ताईला मागून ते ओळखीचं घुंऽऽ ऐकू आलं. सिग्नल सुटला तरी बस हलेना, तेव्हा मागच्यानं हॉर्न वाजवला.

सगळं नीट चाललं होतं. नंतर ताई पुन्हा पुन्हा याच वाक्यापाशी येऊन थांबायची. सगळं नीट चाललं होतं.

पण तिला ती रांग बघवत नव्हती. बस वळून टर्मिनसमध्ये शिरली की समोरच ती दिसायची. कुणी ताठ, कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी ऑफिसचा डबा हातात धरून उभं. आणि बसमधून उतरून त्यांच्यात जाऊन उभा राहणारा तिचा भाऊ. डेपोतला एक ड्रायव्हर होता, सगळे त्याला दाढी म्हणायचे. तो चहा पिताना म्हणायचा, "आधी धरून आत टाकायचे, आता बोलावून पाजतात. चांगलं आहे बुवा. आम्ही एक पेग मारून स्टेअरिंगला हात लावला तर घरी बसवतील." सगळे हसायचे. दाढीला माहीत नव्हतं की रांगेतला तो निळ्या शर्टातला माणूस कोण. ताईही हसायची. हसून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि मग ती लाज कुठंतरी टाकायला हवी म्हणून ती भुंग्यावर टाकायची.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. मुलाकडची माणसं साधी होती, त्यांनी कसली चौकशी केली नाही. पण ताईच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्यांना कुणी सांगितलं तर? लग्नाच्या दिवशी सकाळी मामा कुठंय म्हणून विचारलं, आणि मामा औषधाच्या रांगेत असला तर?

एका रविवारी दुपारी भुंगा तिच्याकडे आला होता. पंख्याला तेल घालायला म्हणून तो स्टुलावर चढला, तेव्हा ती खाली स्टूल धरून उभी होती. तिनं विचारलं, "अजून किती दिवस घ्यायचं ते?"

"सिस्टर म्हणते, घाई नाही. काहीजण वर्षानुवर्षं घेतात."

"वर्षानुवर्षं? म्हणजे एक सोडून दुसरं धरलं, एवढंच ना?"

भुंगा वरूनच म्हणाला, "बरा आहे ना मी, ताई?"

"बरा आहेस. सुटला नाहीस."

तो पंख्याचं पातं फडक्यानं पुसत राहिला. मग अगदी सहज म्हणाला, "भावोजी रोज ब्लडप्रेशरची गोळी घेतात. त्यांना कधी म्हणालीस, सुटला नाहीत म्हणून?"

"ते त्या गोळीपायी तुरुंगात गेले नव्हते."

शब्द तोंडातून गेला आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. आतल्या खोलीत शिवणाचं मशीन थांबलं. भुंगा स्टुलावरून उतरला, फडकं घडी करून टेबलावर ठेवलं, पंखा चालू करून बघितला. "आवाज गेला," म्हणाला. आणि जाताना दारात चपला घालताघालता, तिच्याकडे न बघता, "लग्नापर्यंत बघतो," एवढं बोलून गेला.

रात्री नवरा म्हणाला, "तू त्याची माफी मागायला हवीस." ताई म्हणाली, "मी त्याच्या भल्याचंच बोलले." तिला खरंच तसं वाटत होतं.

भुंग्यानं मनावर घेतलं. औषध हळूहळू कमी करत न्यायचं असतं, महिनेच्या महिने लागतात, आणि तेही माणसामाणसावर असतं. पण त्याच्यापुढं लग्नाची तारीख होती. त्यानं सिस्टरकडे हट्ट धरला. सिस्टरनं डॉक्टरांशी बोलून कमी करायला सुरुवात केली, पण तिचं मन खात होतं. एक दिवस बस टर्मिनसला उभी असताना ती स्वतः बसमध्ये चढली. गोल चेहऱ्याची, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेली बाई. ड्रायव्हरच्या सीटशेजारचा दांडा धरून म्हणाली, "तुम्ही त्याच्या ताई ना? एक विनंती होती. त्याला म्हणा, दमानं घे. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

ताई म्हणाली, "सोडतोय म्हणतोय तर सोडू दे की."

"सोडेल हो, पण आत्ता नको. त्याची झोप उडालीय. हातपाय ओढले जातात त्याचे. कंबर परत दुखायला लागलीय. हे असे दिवस फार नाजूक असतात."

"तुमचं एक गिऱ्हाईक कमी होईल म्हणून काळजी वाटते का?"

सिस्टरनं दांडा सोडला. रागावली नाही. "बरं," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. ताईनं दरवाजा बंद करायचं बटण दाबलं, जरा जास्तच जोरात.

लग्न थाटात झालं. भुंगा नवा कोट घालून आला होता, कोट त्याच्या भावोजींनीच शिवला होता आणि माप घेतल्यापासून तो एवढा वाळला होता की खांद्यांवरून कापड लोंबत होतं. त्याच्या वरच्या ओठावर सारखा घाम येत होता, तो रुमालानं टिपत होता. पण होता, सगळीकडे होता. खुर्च्या लावत होता, म्हाताऱ्यांना हात धरून बसवत होता, भाचीला चिडवत होता, "आता तरी सायकल घेऊन देईल कुणीतरी." भाची हसता हसता रडली आणि त्याच्या गळ्यात पडली. ताईनं ते दुरून पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला.

त्या भरात तिनं एक गोष्ट केली. मुलाकडची माणसं, शेजारी, डेपोतली मंडळी, दाढीसुद्धा, सगळे जेवायला बसले होते. भुंगा वाढत वाढत तिथं आला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा माझा भाऊ. याच्याबद्दल कुणी काही ऐकलं असेल तर ते विसरा. आता एक थेंबसुद्धा घेत नाही. औषधही सोडलं त्यानं!" कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. भुंगा हसला. हातातलं भांडं त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ताईला तो हसरा चेहरा किती आवडला होता! पुढं तिनं तोच चेहरा मनात आणून आणून पाहिला आणि दरवेळी तिला तो वेगळा दिसला.

लग्नानंतर तो बसमध्ये यायचा बंद झाला. यायचं कारणच नव्हतं. ताई फोन करायची; तो "मजेत" म्हणायचा, कामाची गडबड आहे म्हणायचा. तिनं विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोपं होतं.

एका दुपारी ती बस टर्मिनसमध्ये लावत होती, तेव्हा डेपो मॅनेजर फलाटावर उभे दिसले. एरवी ते ऑफिसातून बाहेर पडत नसत. त्यांनी खाली उतरलेल्या ताईपुढं हात केला आणि म्हणाले, "चावी द्या. पुढची फेरी दुसरा कुणी नेईल." तिनं विचारलं, "माझं काही चुकलं का?" ते म्हणाले, "नाही हो, ताई. नाही."

भुंगा एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत सापडला होता. लिफ्ट सुरू झाली नाही म्हणून वॉचमन वर बघायला गेला. हत्यारांची पेटी उघडी होती, पाने एका ओळीत मांडलेले होते, आणि तो भिंतीला टेकून बसल्यासारखा होता, गार पडलेला, शेजारी रिकामी पुडी.

ते दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. माणसं आली, बसली, गेली. मुलाकडची माणसं आली आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. मुलाची आई ताईजवळ बसून तिचा हात चोळत राहिली. ज्यांच्या भीतीनं ताईनं एवढं सगळं केलं होतं, ती ही माणसं.

लेक माहेरी राहायला आली. एका सकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, मला चाललं असतं."

"काय?"

"मामा औषध पिऊन आला असता तरी. उशिरा आला असता तरी. मला कुणी विचारलंच नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईला बरं वाटलं असतं.

ड्यूटीवर हजर झाल्यावर पहिल्याच फेरीला ताई टर्मिनसवर उतरली आणि हिरव्या जाळीच्या खिडकीपाशी गेली. रांग ओसरली होती. सिस्टर पेले गोळा करत होती. तिनं ताईला बघितलं, बाहेर येऊन खुर्ची दिली, आणि दुसऱ्या खुर्चीवर स्वतः बसली.

ताईनं विचारलं, "असं कसं झालं? एवढं तर तो पूर्वीही घ्यायचा."

"म्हणूनच झालं," सिस्टर म्हणाली. "औषध चालू असतं तेव्हा अंगाला सवय असते. बंद केलं की सवय मोडते. मग माणूस पुन्हा पुडीकडे वळला की जुन्याच अंदाजानं घेतो, आणि अंगाला ते पेलवत नाही. त्याला हे मी सांगितलं होतं. पण त्या वेळी कुणाला काही आठवत नाही."

"परत आला होता का इथं? लग्नानंतर?"

सिस्टरनं हातातले पेले एकात एक बसवले.

"सांगा. मला माहीत असायला हवं."

"आला होता," सिस्टर म्हणाली. "त्याच आठवड्यात. रांगेत उभा राहिला होता. मी आतून बघितलं, बरं वाटलं मला. नाव पुन्हा घालायला काही वेळ लागत नाही, मी कागद काढतच होते. तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

"तुमची बस आत आली. तो खांबाआड झाला. तुम्ही खाली उतरून चहाला गेलात. मी बाहेर येऊन बघते तर तो नव्हता."

फलाटावर बसचा नंबर पुकारला जात होता, तिचाच. ताई खुर्चीतच होती. त्या सकाळचा चहा तिला आठवेना. कितीतरी चहांसारखा एक चहा. दाढी काहीतरी बोलला असेल, सगळे हसले असतील, तीही.

"तुम्ही मला त्या दिवशी सांगायला आला होतात," ती म्हणाली. "मी तुम्हाला काय बोलले."

"लोक याहून वाईट बोलतात," सिस्टर म्हणाली. "जा, तुमची फेरी चुकेल."

ताईनं रूट बदलून मागितला. मिळाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, झाडांच्या रस्त्यानं जाणारा, हलका रूट. तिथं रांग नव्हती, पण तिला त्याचा काही उपयोग झाला नाही. थोड्याच महिन्यांत तिनं जुना रूट परत मागून घेतला. मॅनेजरनी कारण विचारलं नाही.

वर्ष सरताना टर्मिनसच्या दुकानदारांनी ओरड सुरू केली. या लोकांमुळे धंदा बसतो, पोरंबाळं बिघडतात, केंद्र इथून हलवा. जागा डेपोची होती, म्हणून मॅनेजरनी ड्रायव्हरांची बैठक बोलावली. वर्कशॉपमध्ये टायरांवर, पेट्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं सगळे बसले. एकेकजण बोलला. बहुतेकांचं म्हणणं एकच: असू दे बापडं, पण आपल्या दारात नको. गावाबाहेर मोप जागा पडलीय.

ताई उभी राहिली. बैठकीत ती कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"केंद्र इथंच राहू द्या," ती म्हणाली. "गावाबाहेर नेलंत तर बस बदलून कोण जाणार? दोन दिवस जातील, तिसऱ्या दिवशी कंटाळतील. कंटाळले की संपलं."

मागून एक नवा ड्रायव्हर म्हणाला, "पण ताई, राग मानू नका. तुमचा भाऊ तिथंच जायचा ना? काय उपयोग झाला?"

दाढीनं मागं वळून त्याच्या दंडाला हात लावला. पण ताईला राग आला नव्हता.

"तिथं जात होता तोवर होता," ती म्हणाली. "मी बंद करायला लावलं."

ती खाली बसली. मॅनेजरनी चष्मा काढून पुसला. पुढं कोण काय बोललं याकडे तिचं लक्ष नव्हतं. बैठकीतून ठाम असं काही निघालं नाही. केंद्र राहिलं, पण दर्शनी जागेवरून हटवून वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला, पत्र्याच्या खोलीत. सिस्टरला वजनकाटा स्वतः उचलून न्यावा लागला. दाढीनं दुसरी बाजू धरली.

घरी आल्यावर ताईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कापडावर खडूनं रेघ मारत होता, तो थांबला. "चांगलं बोललीस," म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. "तेव्हा याच्या निम्मं जरी सुचलं असतं."

त्यानं दिव्याची वायर थोडी पुढं ओढली आणि तिला बसायला जागा केली.